बॉक्सिंगचे फोटो रिंगला खेटून कसे काढायचे?

अकोलेकर:
पुढच्या आठवड्यात बहिणीची जिल्ह्याची बाउट (लढत) आहे. कोचनी रिंगजवळ बसायची सोय केलीय. निकॉन डी 7500 कॅमेरा आणि 50 एमएम 1.8 लेन्स आहे. सरावात काही फोटो पिवळे, काही अर्धे काळपट आले. आणि फोकस सारखा दोरावर. फ्लॅश वापरू का?

खडूस_लेन्स:
फ्लॅश बॅगेतून काढूच नकोस. बॉक्सरच्या डोळ्यांवर उजेड मारलास तर रेफरीच्या आधी कोच तुला उठवेल.

पिवळं-काळपट येतं ते हॉलच्या दिव्यांमुळे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. तुझ्या कॅमेऱ्यात फ्लिकर रिडक्शन आहे (दिवा प्रखर असतानाच फोटो घेणारी सोय), ते चालू कर. बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ फोटो निघायचा वेग, जरा मंदावेल, मंदावू दे. शटर 1/640 सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 6400 पर्यंत बिनधास्त जा. ग्रेन (फोटोतले दाणे) चालतो, हललेला चेहरा नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढ.

दोराचं म्हणशील तर लेन्स खालच्या दोन दोरांच्या मधून धर आणि फोकसचा एकच पॉइंट ठेव, डोळ्यांवर. जोडी अंगावर आली की कॅमेरा आधी मागे घे. फोटो नंतर.

बहीण डावखुरी खेळते का? मग मजा आहे. दोघी उजव्या असतील तर एकीची छाती दिसते, दुसरीची पाठ. एक डावी, एक उजवी असेल तर एका बाजूने दोघींचे चेहरे मोकळे मिळतात आणि दुसऱ्या बाजूने नुसत्या पाठी! त्या फिरत राहतात, तू थांब. ठोसा लागलेला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला म्हणजे तो फोटो गेला. खांदा हलला की दाब.

रिंगसाइड_ताई:
जजच्या समोर उभी राहू नकोस, गुडघ्यावर बस. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात कॉर्नरकडे बघ: दातांवरची गमशिल्ड काढलेली, तोंडावर पाणी, कोच बोटं नाचवत ओरडतोय. मला तर बाउटपेक्षा हेच जास्त आवडतं.

अकोलेकर:
हो, डावखुरीच आहे! ताई, समोरची पडली तर तोही फोटो काढायचा का?

खडूस_लेन्स:
काढ. पण ती सावरलीय का बघायला रेफरी आठपर्यंत मोजतोय आणि पोरगी डोळे मिटून उभी आहे, असला फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. तिचे घरचे पण तिथेच बसलेले असतात. आणि जास्तीची बॅटरी घे, जिल्ह्याच्या स्पर्धा वेळेवर सुरू झालेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.