वडिलांसाठी शेवटच्या टप्प्यातली काळजी : जळगाव-धुळे भागात चांगली सेवा कशी ओळखायची?

तापीकाठची
नमस्कार. माझे वडील चोपडा तालुक्यात गावी असतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. तोंडाचा कॅन्सर आहे, गालातून मानेच्या गाठींपर्यंत गेलाय. मुंबईला ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, किमो झाली. मागच्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी मला आणि भावाला समोर बसवून सांगितलं की आता किमोचा त्रासच जास्त होईल. घरी न्या आणि जवळपास पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्याचा त्रास कमी करणारे, शोधा.

नाना घरी आहेत. नाकातल्या नळीने पेज, दूध, डाळीचं पाणी देतो. गालावरची जखम उघडी आहे, तिला वास येतो, म्हणून ते कुणाला खोलीत येऊ देत नाहीत. रात्री दुखणं वाढतं. आई थकलीय, भाऊ केळीची बाग आणि घर दोन्ही सांभाळतोय, मी पुण्याहून ये-जा करते.

दोन पर्याय आहेत. जळगावात एका नर्सिंग होमने ‘हॉस्पिस वॉर्ड’, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारा वॉर्ड, काढलाय, महिन्याचं पॅकेज सांगतात. दुसरी एक टीम घरी येते. नर्स आठवड्यातून दोनदा, डॉक्टर एकदा. दोघंही फोनवर फार गोड बोलले. ‘आम्ही सगळं बघतो’ हे दोघांचंही वाक्य. त्या ‘सगळं’मध्ये नक्की काय येतं ते मला तपासायचंय. ज्यांनी घरातल्या माणसाचं केलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सांगा, काय विचारू आणि काय पाहू? कुणाची नावं घेऊन तक्रार नको, फक्त पारख कशी करायची ते हवंय.

सिस्टर_शिंदखेडा
ताई, मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले. कॅन्सरच्या रुग्णांची ड्रेसिंग खूप केली आहेत, म्हणून जखमेपासूनच सुरू करते. नानांच्या बाबतीत पारख तिथेच होईल.

दोघांनाही एकच प्रश्न विचारा : ‘जखमेच्या वासासाठी तुम्ही काय करता?’ ज्याने हे काम केलंय तो लगेच सांगेल की मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकतात, गॉज सलाइनने ओली करून मगच काढतात म्हणजे ती चिकटून रक्त येत नाही, आणि ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध देतात. उत्तर नुसतं ‘रोज स्वच्छ करू’ असं आलं तर समजा की त्यांनी अशी जखम फारशी हाताळलेली नाही. वास कमी झाला की माणूस पुन्हा घरच्यांना जवळ बसू देतो. औषधाइतकंच मोल आहे त्याला.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. मानेच्या गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ असतील तर कधी अचानक जास्त रक्तस्राव होऊ शकतो. प्रत्येकाला होतोच असं नाही. चांगली टीम हे आधीच, घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन सांगते. गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगते, म्हणजे रक्त पाहून रुग्ण आणि घरचे घाबरत नाहीत. आणि त्या वेळी झोपेचं कुठलं औषध द्यायचं ते ठरवून ठेवते. तुम्ही विचारल्यावर विषय टाळणाऱ्यांकडून ऐन वेळी फार अपेक्षा ठेवू नका.

नर्सिंग होम पाहायला न सांगता जा, आणि संध्याकाळी आठनंतर जा. सकाळी सगळीकडे फरशी पुसलेली असते. आधीच दाखल असलेल्या रुग्णांचे ओठ आणि जीभ कोरडी, पांढरी पडलीय का पाहा. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल आहे का, कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद आहे का, विचारा. रात्री किती नर्स असतात आणि त्यातल्या जीएनएम किंवा एएनएम, म्हणजे नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या, किती, की सगळा भार मावशींवर? मावशी मायेने करतात, पण इंजेक्शन देणं आणि त्रास ओळखणं हे त्यांचं काम नाही. पायथ्याशी लटकवलेल्या चार्टवर नाडी-बीपीच्या शेजारी दुखण्याचा आकडा, शून्य ते दहापैकी, लिहिलेला असला तर तिथे दुखणं खरोखर विचारलं जातं.

आणि आपल्याकडची म्हातारी माणसं डॉक्टरसमोर ‘काही नाही, बरं आहे’ म्हणतात. अहिराणीत ‘नाना, कितलं दुखस?’ असं जवळ बसून विचारणारी एखादी मुलगी टीममध्ये असली तर तेच नाना खरं सांगतील. हे जरूर पाहा.

जिभाऊ_शहादा
सिस्टरांनी जखमेचं सांगितलं, मी रात्रीचं सांगतो. आमच्या आईचे उपचार सुरतेला झाले, शेवटी घरीच होती. पहिली जी सेवा लावली त्यांच्या कागदावर २४ तास लिहिलं होतं. आईला दम लागला तेव्हा फोन वाजत राहिला, नंतर कुणीतरी ‘सकाळी माणूस पाठवतो’ म्हणालं. ती रात्र आम्ही खिडकीपाशी बसून काढली.

नंतर ओळखीने दुसरी टीम मिळाली. तिचे डॉक्टर आमच्यापासून लांब राहायचे, रात्री येणं त्यांना शक्य नव्हतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण घरात एक डबा भरून ठेवला. दम लागला तर ही गोळी, घशात घरघर आली तर हे इंजेक्शन, उलटीला हे, आणि प्रत्येक पाकिटावर मराठीत चिठ्ठी. इंजेक्शन कातडीखाली कसं द्यायचं ते माझ्या बायकोला शिकवलं. रात्री फोन केला की डॉक्टर स्वतः उचलायचे, कुठलं पाकीट उघडायचं ते सांगायचे आणि थोड्या वेळाने उलट फोन करून आता कसं आहे विचारायचे. दम लागल्यावर उशा लावून बसतं करा, टेबल फॅनचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या, हेही त्यांनीच शिकवलं. त्याने आईला खरोखर बरं वाटायचं.

म्हणून पैसे भरण्याआधी रविवारी रात्री अकराला फोन करून बघा. कोण उचलतं, डॉक्टरपर्यंत बोलणं पोचतं का. लोडशेडिंगमध्ये सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) किंवा ऑक्सिजनचं यंत्र कशावर चालणार, तेही विचारा. आणि डिपॉझिटचं न लाजता विचारा : रुग्ण महिन्याच्या मध्येच गेला तर पैसे परत मिळतात का, ड्रेसिंगचं सामान आणि अॅम्ब्युलन्स पॅकेजमध्ये आहे की वेगळी. हे लेखी घ्या. त्या दिवसांत हिशेबावरून वाद घालायची ताकद कुणाच्याच अंगात नसते.

डॉक्टर_पांझराकाठ
वरचे दोन्ही सल्ले पक्के आहेत. माझ्या मते सगळ्यात पहिला प्रश्न हा : तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग ट्रामाडॉल किंवा कोडीन, आणि तरीही दुखत असेल तर मॉर्फिन. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेवटच्या पायरीची गरज फार जणांना लागते. आपल्याकडे मात्र बरेच रुग्ण दुसऱ्या पायरीवरच अडकतात, कारण ही गोळी प्रत्येक मेडिकलवर नसते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक’ औषधं ठरली. पूर्वी वेगवेगळ्या परवान्यांसाठी वेगवेगळ्या कार्यालयांत खेटे घालावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एक मान्यता पुरते. साठ्याची नोंदवही ठेवावी लागते, एवढंच. तेव्हा स्वतःला हॉस्पिस म्हणवणाऱ्याने ही मान्यता घेतलेली नसेल तर कारण विचारा. ‘गरज पडली तर बघू’ हे उत्तर मी माझ्या घरच्या माणसासाठी स्वीकारणार नाही.

डॉक्टर मॉर्फिन कसं देतात त्यावरून बरंच कळतं. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते, दुखल्यावर नव्हे. मधेच दुखलं तर जादा डोस किती, ते लिहून दिलेलं हवं. साधारण दिवसभरातल्या एकूण डोसचा सहावा भाग. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते आणि ती आपोआप जात नाही. मळमळ मात्र बहुतेकांना सुरुवातीचे काही दिवसच होते. नानांना नळी आहे, म्हणून खास सांगतो : साधी गोळी कुटून नळीतून देता येते, पण लांब चालणारी, म्हणजे बारा तासांची गोळी कधीही कुटू नये, सगळा डोस एकदम अंगात जातो. हे टीमने तुम्हाला स्वतःहून सांगायला हवं.

‘सवय लागेल’, ‘याने माणूस लवकर जातो’ ही भीती घरोघरी असते. वेदनेच्या मापाने, नीट वाढवत दिलेल्या मॉर्फिनने असं होत नाही.

आणखी एक. खाणंपिणं सुटत आलं की गावात सगळे म्हणतात, सलाईन लावा. मी त्यांना दोष देत नाही, काहीतरी केलं असं वाटतं. पण अगदी शेवटच्या दिवसांत बाटल्यांनी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. रोज सलाईन लावून बिल वाढवणाऱ्यापेक्षा, आता ती का नको हे तुमच्या आईशेजारी बसून समजावणारा डॉक्टर बरा.

बागायतदार
हिंमत सोडू नका ताई. आमच्या पाहुण्यांनी एका वैद्याचं औषध घेतलं, गाठ विरघळली. नंबर व्यनि करतो. हॉस्पिस वगैरे म्हणजे हात टेकणं.

रावेरची_लेक
बागायतदार भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, तरी मला उलट बोलावं लागतंय. दुखणं, वास, दम, झोप या सगळ्यावर इलाज चालूच असतो, त्याला हात टेकणं म्हणू नका. माझ्या मावशीच्या वेळी अशाच एका गाठ विरघळवण्याच्या औषधापायी घरातले पैसे गेले आणि दुखणं तसंच राहिलं. ताई, कुठल्याही हॉस्पिसवाल्याने ‘बरं करू’ म्हटलं तर तिथून उठून या.

मला आईंबद्दल लिहायचंय. पहिल्या भेटीत टीम आईंची चौकशी करते का पाहा. मावशीकडे येणारी नर्स पहिल्यांदा काकांना विचारायची, ‘तुम्ही जेवलात का, रात्री किती झोप झाली?’ मग आम्हा सगळ्यांच्या पाळ्या तिने ठरवून दिल्या. मावशी गेल्यानंतरही ती काकांना भेटायला आली. ज्या सेवेचं काम स्मशानापर्यंतच संपत नाही तिला माझ्याकडून जास्त गुण.

आणि रुग्णाला काय हवंय हे ते रुग्णालाच विचारतात का? शुद्ध हरपली तर आयसीयूत न्यायचं की नाही, हे नाना आज सांगू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा लेखी इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

सरकारी वाटही सोडू नका. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी येते. तुमच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईंना नानांची नोंद करायला सांगा. जळगावच्या शासकीय रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभागाची चौकशी भावाला समक्ष जाऊन करू द्या, फोनवर नीट कळत नाही. पुणे-मुंबईला नेणं जमणार असेल तर वारज्याचं सिप्ला केंद्र आणि वांद्र्याचं शांती आवेदना सदन हेही आहेत. शांती आवेदना १९८६ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. दोन्हीकडे कॅन्सर रुग्णांची सेवा विनामूल्य आहे.

तापीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने आणि मी दोन्हीकडे विचारून पाहिलं.

नर्सिंग होममध्ये भाऊ रात्री गेला. खोल्या चकचकीत आहेत, पण रात्री पूर्ण मजल्याला एकच नर्स. मॉर्फिन ठेवत नाहीत. घरच्यांना भेटायची वेळ सकाळ-संध्याकाळ तासभर. नानांना आईपासून इतकं लांब ठेवणं आम्हाला जमणार नाही.

घरी येणाऱ्या टीमकडे मान्यता आहे, गोळ्या नोंद करून घरी देतात. वासाचं उत्तर नर्सने सिस्टरांनी लिहिलंय तसंच दिलं. रविवारी रात्रीचा फोन डॉक्टरांनी उचलला. मध्यरात्री चोपड्यापर्यंत येऊ शकणार नाही, हे त्यांनीच सांगितलं. फोनवर कायम असू आणि डबा भरून देऊ म्हणाले. रक्तस्रावाचं विचारलं तेव्हा थोडं थांबून भावाला वेगळं भेटायला बोलावलं. आम्ही त्यांनाच सांगितलंय, बुधवारपासून येतील. घरी आवरेनासं झालं तर कुठे दाखल करायचं याची चौकशी भाऊ जळगावात करतोय.

एक शंका उरली. घरी मृत्यू झाला तर दाखल्यासाठी अडचण येते का? गावात कुणीतरी पोस्टमॉर्टेमचं बोललं आणि आई घाबरलीय.

डॉक्टर_पांझराकाठ
आजाराने घरी झालेल्या मृत्यूला पोस्टमॉर्टेम लागत नाही. उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये देतात, आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. रात्री टीम येणार नसेल तर हा दाखला कोण देणार ते बुधवारीच ठरवा. गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मुंबईच्या फायलीची झेरॉक्स आत्ताच देऊन ठेवा आणि टीमच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्या.

सिस्टर_शिंदखेडा
बुधवारी नर्स येईल तेव्हा तुमच्यापेक्षा आईला आणि भावाला पुढे बसवा, रोजचं तेच करणार आहेत. नळीतून औषध देऊन नंतर पाणी सोडणं, तोंड पुसणं, कूस बदलणं हे तिच्यासमोर त्यांच्याकडून करून घ्या. आणि नळी निघाली तर स्वतः घालायची नाही, फोन करायचा, हे दोघांनाही सांगून ठेवा.