टीसीएनएसचे 20 शेअर: 503 रुपयांच्या ओपन ऑफरमध्ये द्यावेत की आदित्य बिर्ला फॅशनचे होऊ द्यावेत? (मे 2023)

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. 2018 च्या जुलैमध्ये टीसीएनएस क्लोदिंगचा आयपीओ आला तेव्हा आईने एक लॉट भरला आणि तिला लागलाही. 20 शेअर, 716 रुपयांनी. ती तेव्हा नोकरीत होती. टीसीएनएसच्या 'डब्ल्यू' ब्रँडचे कुर्ते घालून शाळेत जायची आणि आपण वापरतो त्या ब्रँडमध्ये चार पैसे घालावेत, एवढाच तिचा विचार होता. आता ती निवृत्त झाली आहे आणि तिचं डीमॅट मी बघतो.

5 मे ला बातमी आली की आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेल टीसीएनएसचा 51 टक्के हिस्सा 1,650 कोटींना घेणार. 29 टक्क्यांसाठी 503 रुपयांची ओपन ऑफर (म्हणजे इतर भागधारकांकडून ठरलेल्या भावाने शेअर घ्यायची खुली तयारी), बाकीचा हिस्सा प्रवर्तकांकडून. पुढे टीसीएनएस बिर्ला फॅशनमध्ये विलीन होणार आणि टीसीएनएसच्या दर 6 शेअरमागे बिर्ला फॅशनचे 11 मिळणार.

आमचं जवळपास ठरत आलं होतं, तेवढ्यात बिर्ला फॅशनचे चौथ्या तिमाहीचे निकाल लागले. विक्री 26 टक्क्यांनी वाढून 2,880 कोटी, आणि तोटा 195 कोटी. वर्षापूर्वी याच तिमाहीत 32 कोटी नफा होता. विक्री एवढी वाढली तर तोटा कसा? आणि तोट्यातली कंपनी एवढी मोठी खरेदी करत असेल तर तिचे शेअर आईने कशाला घ्यायचे? सगळेच्या सगळे 20 शेअर ओपन ऑफरमध्ये देऊन टाकावेत असं मला वाटतंय. आई म्हणते, घाई करू नकोस, विचारून घे. म्हणून विचारतो आहे.

हिशेबनीस:

आईंचं बरोबर आहे. आधी एक गैरसमज काढू. 20 चे 20 शेअर 503 ने जातील असं धरून चालू नका.

ऑफर 29 टक्क्यांची आहे. प्रवर्तकांकडे कंपनीचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा आहे आणि त्यांची विक्री वेगळ्या करारातून होणार. म्हणजे या 29 टक्क्यांसाठी रांगेत उभे राहणारे साधारण 67 टक्के. सगळ्यांनी शेअर दिले तर 29 भागिले 67, म्हणजे 43 टक्के स्वीकारले जातील. तुमच्या 20 पैकी 8. छोट्या भागधारकांना राखीव कोटा असतो तो बायबॅकमध्ये (कंपनी स्वतःचेच शेअर परत घेते तेव्हा), ओपन ऑफरमध्ये नसतो. त्यामुळे मोठे फंड आणि तुमची आई एकाच मापाने मोजले जाणार. काहींनी शेअर दिले नाहीत तर प्रमाण वाढेल, पण 503 हा भाव बाजारभावाच्या वर आहे, त्यामुळे देणारेच जास्त असतील.

उरलेले 12. त्यांचे 6 ला 11 या प्रमाणात बिर्ला फॅशनचे बरोबर 22 होतात. त्यांची किंमत बिर्ला फॅशनच्या भावावर. तो 200 धरला तर टीसीएनएसच्या एका शेअरला 367 रुपये पडतात. 503 ची बरोबरी व्हायला बिर्ला फॅशन 274 ला पोचायला हवा, आणि आईंचे मूळ 716 वसूल व्हायला 391 ला. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढचा सगळा विचार त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

टीसीएनएस बाजारात 503 च्या खाली का मिळतोय, तेही यातून कळेल. बाजाराने थोडे 503 वाले आणि थोडे अदलाबदलीवाले शेअर एकत्र मिसळून भाव लावला आहे.

सरळमार्गी:

माझं मत, आजच बाजारात विकून मोकळं व्हा. स्पर्धा आयोगाची मंजुरी, सेबीचं पत्र, मग एनसीएलटी, म्हणजे विलीनीकरणाला मंजुरी देणारं कंपनी न्यायाधिकरण. विलीनीकरणाला वर्ष सहज जाईल. 20 शेअरसाठी एवढा डोक्याला ताप कशाला?

हरभटरोडवाली:

मला मात्र 20 शेअर थोडे वाटत नाहीत. आईंनी पगारातून घेतलेले आहेत ते.

आमचं सांगलीत लेडीज रेडीमेडचं दुकान आहे. सासऱ्यांनी साड्यांचं काढलं होतं, आता निम्म्याहून जास्त माल कुर्त्यांचा. त्यामुळे शेअरचं हिशेबनीस काकांनी सांगितलंच आहे, मी कपड्याचं सांगते.

विक्री वाढून तोटा कसा, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. जानेवारी ते मार्च हा आमच्या धंद्यातला उतरणीचा काळ. दिवाळी आणि लग्नसराईचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पूर्ण भावाने जातो. जानेवारी लागला की सेल. तोवर एम आणि एल संपलेले असतात, एक्सएस आणि डबल एक्सएल हँगरला लटकलेले. एकदा साईज सेट तुटला की त्या डिझाईनकडे गिऱ्हाईक पूर्ण किमतीला बघतसुद्धा नाही. मग चाळीस-पन्नास टक्के सूट लावून काढायचा, कारण तोच माल जूनपर्यंत पडून राहिला तर तो डेड स्टॉक, आणि नव्या मालाचे पैसे तर द्यायचेच आहेत. गल्ल्यात नोटा येतात, बिलबुकं संपतात, आणि महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही. जवळपास चार हजार दुकानं असलेल्या कंपनीला तर भाडं, पगार आणि वीज यांचं ओझं रोजचं, सेल असो नसो.

दुसरं, ही 26 टक्के वाढ कशावर झाली आहे ते बघा. 2022 च्या जानेवारीत ओमायक्रॉन होता. मॉलला निर्बंध, लग्नाला माणसं मोजून. त्या पडलेल्या महिन्यांशी तुलना केली की कोणाचीही वाढ मोठी दिसते. शिवाय 2022 चा पाडवा 2 एप्रिलला होता, म्हणजे पुढच्या तिमाहीत. यंदा तो 22 मार्चला आला. पाडव्याची खरेदी हाताशी असूनही एवढा तोटा झाला, म्हणून हे निकाल मला खरोखर कच्चे वाटतात. मागणी मंद आहे. आमच्या काउंटरवरही फेब्रुवारीपासून तेच दिसतंय.

पण फक्त एका तिमाहीवर जाऊ नका. आख्ख्या वर्षाची विक्री 12,418 कोटी आहे आणि तोटा 59 कोटी. म्हणजे आधीच्या तीन तिमाह्या मिळून 136 कोटींच्या आसपास नफ्यात होत्या. शेवटच्या तिमाहीने तो खाल्ला आणि वर खड्डा पाडला. त्यात जाहिरातीवरचा खर्च आहे, रीबॉक नुकतंच हातात घेतलंय त्याचा आहे, ऑनलाइन ब्रँडांसाठी काढलेल्या 'टुमॉरो' कंपनीचा आहे, 'तस्वा'च्या नव्या दुकानांचा आहे. लुई फिलिप, व्हॅन ह्यूजन, ॲलन सोली, पीटर इंग्लंड हे जुने चार कमावतात आणि नवी पोरं खातात, असं त्या घरचं चित्र आहे.

आता टीसीएनएस. हा सौदा मला धंद्याच्या अंगाने पटतो. बिर्लांकडे पारंपरिक कपड्यात वरचं टोक भरलेलं आहे. 2021 मध्ये 398 कोटी देऊन सब्यसाचीचा 51 टक्के हिस्सा घेतला, शंतनू-निखिल आहेत, तरुण ताहिलियानी आहेत, मसाबा आहे. खालच्या बाजूला पँटालून्समध्ये 'रंगमंच'सारखा घरचा ब्रँड आहे. मधली जागा मोकळी होती. रोज नोकरीला जाणारी बाई कुर्ता घेते ती जागा. 'डब्ल्यू' आणि 'ऑरेलिया' नेमके तिथले, आणि सणासमारंभाला 'विशफुल'. असा ब्रँड नव्याने उभा करायला किती वर्षं लागतात ते आम्हाला विचारा. बाईला एकदा एखाद्या कुर्त्याचं माप बसलं ना, की ती ट्रायल न घेता तोच ब्रँड परत घेते. ती सवय विकत घ्यायची तर पैसे पडणारच.

किती पडले? 51 टक्क्यांना 1,650 कोटी, म्हणजे पूर्ण कंपनीला सव्वातीन हजार कोटींच्या घरात. टीसीएनएसची वर्षाची विक्री साधारण 1,200 कोटी. पावणेतीन पट. वाढत्या ब्रँडला हा भाव मी जास्त म्हणणार नाही. पण टीसीएनएसची वाढ आता मंदावली आहे आणि माझी काळजी तिथे आहे. कोविडनंतर गिऱ्हाईक बदललं. पूर्वी बायका एक चांगला कुर्ता घेऊन घरातल्या लेगिंगवर घालायच्या. आता "ताई, सेट दाखवा" म्हणतात, कुर्ता-पँट-ओढणी सगळं एकत्र, आणि तेही एकट्या कुर्त्याच्या किमतीत. कॉलेजच्या मुली झुडिओला जातात. मधल्या किमतीच्या कुर्त्याला दोन्ही बाजूंनी रेटा आहे. बिर्लांचं नाव दारावर लागलं म्हणून तो रेटा कमी होणार नाही.

म्हणून माझ्या मते तुमचा प्रश्न टीसीएनएस विकायचा का हा राहिलाच नाही. आईंना बिर्ला फॅशनचं भागधारक व्हायचंय का, हा आहे. 503 ची ऑफर मिळतेय तेवढ्या शेअरला नक्की घ्या. उरलेल्यांचं आईंना विचारा, त्यांना दोन-तीन वर्षं पैसे लागणार नसतील तर मी असते तर ठेवले असते.

कृष्णाकाठ:

ताई, काका, मनापासून आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. 'सेट दाखवा' हे ऐकून ती म्हणाली, माझ्या शाळेतल्या नव्या बाई तसंच घेतात.

दोन शंका उरल्या. बिर्ला फॅशन तोट्यात असताना 1,650 कोटी आणणार कुठून? कर्ज वाढलं तर त्या 22 शेअरची किंमत आणखी घसरेल ना? आणि 716 ला घेऊन 503 ला दिले तर कराचं काय?

हिशेबनीस:

पैशांचं आधी. 2022 मध्ये सिंगापूरच्या जीआयसीने बिर्ला फॅशनमध्ये दोन टप्प्यांत 2,195 कोटी घालायचं ठरवलं, 288.75 रुपये भावाने. त्याआधी 2020 मध्ये फ्लिपकार्टने 205 च्या भावाने 1,500 कोटी घातले. म्हणजे आज बाजारात जो भाव आहे त्याच्या बराच वर, आणि आपल्या 274 च्याही वर, जीआयसीने पैसे लावले आहेत. याचा अर्थ शेअर तिथे जाईलच असा नाही. एवढंच की कंपनीच्या मागे पैसा उभा करू शकणारी माणसं आहेत. तरीही कर्ज वाढेल असंच धरा. उरलेली टीसीएनएस शेअर देऊन घेतली जाणार, त्यामुळे तिथे रोख लागणार नाही, मात्र बिर्ला फॅशनच्या शेअरची संख्या वाढेल.

पुढचे निकाल वाचताना एक पथ्य पाळा. एबिटडाचा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याचा) आकडा बघून खूश होऊ नका. 2019 पासूनच्या लेखानियमांमुळे दुकानांच्या दीर्घ मुदतीच्या भाड्याचा मोठा भाग घसारा आणि व्याज या ओळींत जातो, एबिटडाच्या खाली. दुकानं चालवणाऱ्या कंपनीचा एबिटडा म्हणजे निम्मं भाडं न मोजता केलेला हिशेब. करपूर्व नफ्याची ओळ बघा, व्याजाची ओळ बघा आणि ताळेबंदात मालाचा साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का ते बघा.

आता कर. ओपन ऑफरमध्ये शेअर एक्स्चेंजच्या यंत्रणेतून दिले की एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) लागतो, त्यामुळे बाजारात विकल्यासारखाच हिशेब. आईंना दर शेअरमागे 213 रुपये दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा. 8 शेअर गेले तर 1,704 रुपये. तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि 8 वर्षं पुढे ओढता येतो. अट एकच, रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. विलीनीकरणात शेअर बदलून मिळाले तर त्या दिवशी कर नाही. मूळ खरेदीची तारीख आणि किंमत नव्या शेअरला चिकटते, म्हणून बिर्ला फॅशनच्या एका शेअरची खरेदी किंमत 390 रुपये 55 पैसे धरायची.

हरभटरोडवाली:

काका, एक विचारते. यांनी काहीच दिलं नाही तर 20 चे 36 आणि वर काहीतरी अपूर्णांक येतो. तो बुडतो का?

हिशेबनीस:

36.67 येतो. बुडत नाही. सहसा सगळ्यांचे असे तुकडे एकत्र करून विश्वस्तामार्फत बाजारात विकतात आणि ज्याच्या त्याच्या खात्यात पैसे टाकतात.

कृष्णाकाठ:

ठरलं मग. 20 ही ऑफरमध्ये देतो, जेवढे परत येतील ते आई ठेवणार म्हणते. 'डब्ल्यू' बिर्लांकडे गेलं तरी कुर्ता तोच राहू दे, एवढंच तिचं म्हणणं.

हिशेबनीस:

उत्तम. लेटर ऑफ ऑफर आईंच्या नोंदवलेल्या ईमेलवर किंवा पत्त्यावर येईल, तेव्हा डीमॅटला जुना शाळेचा ईमेल असेल तर आत्ताच बदलून घ्या. ऑफर 10 कामकाजी दिवस खुली असते. ब्रोकरच्या ॲपमध्ये कॉर्पोरेट ॲक्शनखाली ओपन ऑफर दिसेल, तिथून 20 आकडा टाकायचा. शेअर डीमॅटमध्येच राहतात, त्यांच्यावर लिएन लागतो (म्हणजे ते अडकवून ठेवतात), आणि न स्वीकारलेले मोकळे होतात. एकदा दिले की मागे घेता येत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत बाजारभाव 503 च्या वर नाही ना ते बघूनच द्या. ऑफर या आर्थिक वर्षात पार पडली तर तोटा दाखवणारं रिटर्न 31 जुलै 2024 च्या आत. आईंचं पेन्शन करपात्र मर्यादेखाली असलं तरी भरा, नाहीतर ते 1,704 रुपये पुढे ओढता येणार नाहीत.