अनुभव धागा (सप्टेंबर २०२५): इंग्लिश फुटबॉलमधला खालच्या डिव्हिजनचा संघ आणि खान्देशातला चाहता

जळगाव (धागा काढणारा)

परवा पित्तरांच्या जेवणाला गेलो होतो. वाढणाऱ्या पोराच्या अंगात लिव्हरपूलचा टीशर्ट, म्हणून विषय काढला. त्याने विचारलं, "काका, तुमची टीम कोणती?" म्हटलं, प्रेस्टन. "ते कुकरवाले?" म्हणाला आणि खिरीचं पातेलं घेऊन पुढे सरकला.

त्याचं काय चुकलं? इंग्लंडची पहिली लीग, १८८८-८९ ची, प्रेस्टन नॉर्थ एंडने एकही सामना न हरता जिंकली. १९६१ मध्ये सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून खाली आले, ते आजतागायत परत गेलेले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. आणि तरी दर ऑगस्टमध्ये मला वाटतं, यंदा जमतंय. १६ ऑगस्टला लेस्टरला २-१ हरवलं त्या रात्री वही काढून हिशेब मांडला: सामने ४६, पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा प्लेऑफ (वरच्या उरलेल्या एका जागेसाठीची बाद फेरी), सहाव्या नंबराला सत्तरच्या आसपास गुण हवेत. बायकोने वही बघितली आणि विचारलं, हप्ता वाढला का?

आत्ता कुठे सहा सामने झालेत. इतक्यात गुणतक्त्याकडे बघण्यात अर्थ नसतो हे आपल्याला कळतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. मँचेस्टरवाले टपरीटपरीवर भेटतात. आपण तालुक्यात एकेकटे. तर लिहा: संघ कोणता, कसा गळ्यात पडला, आणि यंदाच्या सुरुवातीने काय केलं.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

ब्लॅकबर्न रोव्हर्स. प्रेस्टनवाल्या शेजाऱ्यांना नमस्कार. जळगाव-भुसावळपेक्षा तिकडे आपलं अंतर कमी आणि भांडण जास्त.

संघ गळ्यात पडला तो पेपरातल्या बातमीमुळे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजने क्लब विकत घेतला. मी तेव्हा आयटीआयला होतो. मालक महाराष्ट्रातला, म्हणजे संघ आपलाच, एवढंच डोकं चालवलं. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला संघ आहे हो! मी हात धरला आणि २०१२ ला खाली आलो, २०१७ ला आणखी खाली, २०१८ ला एक पायरी वर, आणि तिथेच बसलोय. शेडमध्ये मला 'कोंबडी' म्हणतात. २०१२ मध्ये तिथल्याच कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, मग इथल्यांना मी काय बोलू?

आता यंदाचं. २० सप्टेंबरचा शनिवार, आपला साडेसातचा सामना, समोर इप्सविच. पेनल्टीवर आम्ही १-० पुढे. त्यांचा एक जण लाल कार्ड घेऊन बाहेर. मी पोळी खाता खाता बघतोय, पोराला म्हटलं बघ, आज तीन गुण. आणि तिकडे पाऊस. आपल्याकडे हतनूरचे दरवाजे उघडल्यावर पडतो तसला. चेंडू लाथाडला की फूटभर घसरायचा आणि पाण्यात बसायचा, वर पाणी उडायचं. ८० व्या मिनिटाला पंचाने सगळ्यांना आत नेलं. सामना सोडून दिला. मग लीगने ठरवलं की पूर्ण सामना पुन्हा खेळवायचा, शून्य-शून्यपासून, अकरा विरुद्ध अकरा.

रेल्वेच्या भाषेत सांगतो. मुंबईहून निघालेली गाडी पाचोऱ्यापर्यंत आणली, आणि कंट्रोलने सांगितलं, परत मुंबईला न्या आणि वेळेवर सोडा.

जळगाव (धागा काढणारा)

पाचोऱ्याची उपमा आवडली. पण शेजारधर्म म्हणून सांगतो, त्या रात्री मी हसलो होतो.

धुळे

शेफिल्ड युनायटेड. रडगाणं आहे, तयार रहा.

गेल्या हंगामात ९२ गुण मिळवले, दोन कापले गेले, राहिले ९०. एरवी ९० गुणांत माणूस वर जातो. पण लीड्स आणि बर्नली दोघांनी शंभर-शंभर केले, आम्ही तिसरे. २४ मे रोजी वेम्बलीवर प्लेऑफची फायनल सुंदरलंडशी, आम्ही १-० पुढे, दुसरा गोल व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने) खोडला, ९५ व्या मिनिटाला खाल्ला आणि २-१ हरलो. प्लेऑफमधून वर जाणं आम्हाला आजवर एकदाही जमलेलं नाही.

मग उन्हाळ्यात क्रिस वाइल्डरला काढलं. नवे मॅनेजर आले रुबेन सेयेस. पहिलाच सामना घरच्या मैदानावर, ब्रिस्टल सिटीकडून १-४. पुढचे तीन १-० ने गेले. मग इप्सविचला ०-५. पाच सामने, पाच पराभव, केलेला गोल एक. सेयेस गेले आणि आणलं कोणाला? वाइल्डरलाच! परत आल्यावर पहिला सामना चार्लटनकडून ०-१.

माझे वडील टीव्हीसमोर बसून फक्त एवढंच म्हणाले, "जुनालेच आना ना, मंग काढा कसाले?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवभाजी इतकी तिखट होती की डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

शिरपूर

मी फुटबॉल बघत नाही. नवरा बघतो. त्याचा संघ शेफिल्ड वेन्सडे, म्हणजे वरच्या धुळेकरांच्या गावातलाच दुसरा, त्यामुळे या धाग्यावर लिहायला तोच मला सांगत होता आणि 'नको, भांडण होईल' असंही तोच म्हणत होता. शेवटी मीच लिहिते, कारण मला यातलं एक कळतं.

मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. पगार या विषयावर मला बोलायचं नाही, तो कधी होतो कधी नाही. एके दिवशी नवरा फोनवर वाचून दाखवत होता की वेन्सडेच्या खेळाडूंचे पगार पुन्हा लांबले, नव्या खेळाडूंवर निर्बंध, बरेच जण सोडून गेले, उरले ते आणि पोरं. मी भाजी निवडता निवडता थांबले. तोवर मला वाटायचं, इंग्लंडचे फुटबॉलवाले म्हणजे विमानं, गाड्या. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "त्यास्ले पगार भेटत नही तं खेळतस कसा?" नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "ही नही का जास शाळाम्हा?"

तेव्हापासून मी निकाल विचारते.

हंगामाचा पहिला सामना लेस्टरला होता, १० ऑगस्टला. वेन्सडेचे चाहते तिकीट काढून गेले आणि सुरुवातीला जागेवर आलेच नाहीत. मालकाच्या निषेधात खुर्च्या रिकाम्या ठेवल्या, मग आले. हे मला फार पटलं. आम्हीही काळ्या फिती लावतो, पण तास घेतो. २-१ हरले.

आणि २६ ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे, मी मखराला लायटिंग लावत जागी. लीग कपचा सामना, समोर लीड्स, म्हणजे वरच्या डिव्हिजनचा संघ. वेन्सडेच्या संघात बरीच पोरं माझ्या जुन्या दहावीच्या बॅचच्या वयाची. १-१ झालं. पेनल्टी. आपल्याकडे रात्रीचे अडीच. लीड्सच्या तिघांना एकही मारता आली नाही, यांनी तिन्ही मारल्या. नवरा तोंडावर उशी दाबून ओरडला, कारण आई झोपलेली. त्या झोपलेल्या नव्हत्याच. आतून आवाज आला, "जिकनात का?"

लीगमध्ये तळाजवळच आहेत. ते मला माहीत आहे.

जळगाव, हॉस्टेल

रेक्सहॅम. शिव्या घाला, चालेल. हो, हॉलिवूडवाल्या मालकांमुळेच बघायला लागले. पण २०२३, २०२४, २०२५, सलग तीन वर्षं तीन पायऱ्या वर गेलेला संघ कोणाला आवडणार नाही? आणि ४३ वर्षांनी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आलोय.

पहिल्या दिवशी साउदम्प्टनमध्ये ९० व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होतो. मी मेसच्या रांगेत, एका हातात ताट, एका हातात फोन. फ्री किकवर १-१. वरण वाढून घेतलं. ९६ व्या मिनिटाला १-२. पुढची मुलगी म्हणाली, "अगं सांडतंय!" ३० ऑगस्टला मिलवॉलला २-० हरवलं तेव्हा मात्र पूर्ण मजल्याला पेढे वाटले. कशाचे हे कुणी विचारलं नाही, गणपतीत कोण विचारतं?

चाळीसगाव

ताई, सलग तीन वर्षं वर गेलेल्यांनी निराशेच्या धाग्यावर यायचं नसतं.

माझा संघ वॉलसॉल, लीग टू, म्हणजे चौथी पायरी. जानेवारीत आम्ही १२ गुणांनी पहिले होतो. बारा! मी मित्राकडे जेवणाची पैज लावली होती. मग जिंकणंच बंद झालं. शेवटच्या दिवशी क्रूला १-० जिंकलो, तरी तिकडे ब्रॅडफर्डने ९६ व्या मिनिटाला गोल केला आणि आमची थेट वरची जागा गेली. प्लेऑफ फायनलला विम्बल्डनने १-० हरवलं. मित्र जेवला.

यंदा सुरुवात बरी आहे. म्हणूनच पोटात गोळा येतो. कपाशी जुलैत इतकी हिरवीगार दिसली की माझा बाप गप्प बसायचा, कुणी 'छान आली' म्हटलं तर विषय बदलायचा. मी तसाच झालोय. मित्राने परवा फोन केला, "पैज?" मी कट केला.

अमळनेर

तुम्हाला हरवणारा तो विम्बल्डन माझा. माफी मागत नाही.

आमच्या गावात शेअर म्हटलं की विप्रोचा. कंपनी १९४५ ला इथेच वनस्पती तुपाची म्हणून सुरू झाली, आणि ज्यांच्या आजोबांनी कागद ट्रंकेत जपले त्यांची घरं बघायला लोक येतात. आमच्या आजोबांनी विकले. त्यामुळे 'मालकीचा हिस्सा' म्हटलं की मी कान टवकारतो. एएफसी विम्बल्डन चाहत्यांच्या मालकीचा क्लब आहे. २००२ मध्ये जुना क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तर लोकांनी सार्वजनिक माळावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ ला लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमध्ये, आले. एक सभासद, एक मत, आपल्या दूध सोसायटीसारखं. फरक एवढाच की इथे सभेत चहा झाल्यावर लोक उठून जातात.

पहिला सामना ल्यूटनला १-० हरलो, आपल्या रात्री साडेबारानंतर. हे ल्यूटनवाले दोन वर्षांपूर्वी प्रीमियर लीगमध्ये होते. आणि आता आपण त्यांच्याशी बरोबरीने खेळतोय. तेवढ्यावर झोप लागली.

एक गंमत सांगायची राहिली. तिकडे शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानात जावं म्हणून. म्हणजे विम्बल्डनमध्ये राहणाऱ्याला घरी बसून जो सामना दिसत नाही, तो मी अमळनेरात गच्चीवर बघतो. रेंज असली तर.

नंदुरबार

क्रीडा शिक्षक आहे. तुमचं सगळं वाचलं. तुमचा संघ निदान हरतो तरी.

मी आपली आय-लीग बघतो, देशातली दुसरी पायरी. गेल्या हंगामात चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर पहिले, इंटर काशी ३९ वर. काशीच्या एका सामन्यात समोरच्यांनी अपात्र खेळाडू खेळवला, त्या गुणांचा वाद. एप्रिलमध्ये चर्चिलला करंडक दिला. जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेते ठरवलं. मी पोरांना वर्गात सांगितलं होतं चॅम्पियन कोण, ते फळ्यावर पुसून पुन्हा लिहिलं. त्याच महिन्यात वरची आयएसएल (इंडियन सुपर लीग) करारावरून थांबली. यंदाचा हंगाम कधी सुरू होणार, तारीख नाही.

माझ्याकडे नववीतला एक मुलगा आहे, आश्रमशाळेचा. अनवाणी खेळतो, बूट दिले तर काढून ठेवतो. डावा पाय असा की बघत राहावं. तो दर सोमवारी विचारतो, "सर, लीग चालू झाली?" त्याला वाटतं ती चालू झाली की आपली पण काहीतरी ट्रायल होईल. मी म्हणतो, दिवाळीनंतर. कोणत्या दिवाळीनंतर ते बोलत नाही.

रावेर

धुळेकर, तो ९५ व्या मिनिटाचा गोल आमचा. सुंदरलंड. त्यामुळे नियमाप्रमाणे मी या धाग्यात बसत नाही. पण २०१८ ते २०२२, चार वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये काढली आहेत, तेवढ्या पुण्याईवर लिहितो.

२४ मेची संध्याकाळ मळ्यात पंपावर होतो. केळीची पानं कागदासारखी वाजत होती. ७६ व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि लाइट गेली. लाइट गेली की थोड्या वेळात आमच्याकडचा टॉवरही जातो. ९० मिनिटं झाली तेव्हा फोनवर ते गोल चक्र फिरत होतं. बांधावर चढलो, फोन वर धरला, काही नाही. अंधारात बसून राहिलो. अडीच-तीन तासांनी लाइट आली, मोटर सुरू झाली, पाइपातून पाणी आलं आणि खिशात फोन एकामागोमाग थरथरायला लागला. लंडनला असलेल्या चुलतभावाचे अकरा मेसेज. पहिल्या दहांत नुसता माझ्याच नावाचा पुकारा.

आता वरच्या डिव्हिजनमध्ये आहोत. पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमला ३-० हरवलं. गावातली पोरं आता विचारतात, काका सुंदरलंडचं काय. बरं वाटतं, आणि थोडं परकंही वाटतं.

भुसावळकर, तो इप्सविचचा सामना पुन्हा होईल तो बहुतेक मधल्या वारी, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. २६ ऑक्टोबरला तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग अजून उशीर. रात्रीच्या लाइटचा आठवडा असला तर मळ्यावर या. मोटर सोडायला मी जागाच असतो.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

रात्रपाळी बदलून घेतो. बामणोदची भरताची वांगी मी आणतो, भाजायला काड्या तुम्ही जमवून ठेवा.