मदत हवी आहे : १० मीटरवरचा वारा ३० मीटरवर किती धरायचा?

मंडळी, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, अगदी कड्यालगत आमचं थोडं रान आहे. तिथे छोटी पवनचक्की बसवायची आहे. १० मीटरच्या खांबावरचा मापक सरासरी सेकंदाला ४ मीटर वेग दाखवतो. विक्रेता १/७ घातांकाचं सूत्र (उंची जितक्या पट, त्या आकड्याचा १/७ वा घात तितक्या पट वेग) लावून ३० मीटरवर ४.७ सांगतोय. ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे साधारण ६० टक्के जास्त. ऐकायला झकास!

पण जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो हे खरं असलं, तरी तो घातांक सगळीकडे सारखा नसतो ना? उघड्या गवतावर कमी, झाडं-घरं असली की जास्त. रात्री जमीन गार झाली की खाली वारा पडतो, वर वाहतच राहतो. दुपारी तापलेली हवा ढवळली जाते आणि फरक घटतो. त्यात आमचा कडा. दरीतून चढणारा वारा काठावर खालच्या थरातच वेग घेतो, मग उंचीचा फायदा उरतो किती?

अशा जागी कुणी दोन उंचींवर मोजलंय का? महिनाभराची नोंद पुरेल, की पावसाळा आणि हिवाळा दोन्ही हवेत? वाढीव खांबाचा खर्च घरी पटवायचाय, ते सूत्रापेक्षा अवघड आहे.