रेडिएशनचं बी चालतं, मग क्रिस्परचंच वावडं का?

रानवारा: 'रेडिएशन मारलेलं बी म्हणजे विष' ही पोस्ट सकाळपासून फिरतेय, वाचून डोकं तापलं म्हणून लिहितोय. अहो, नवा वाण काढायला बियावर गामा किरण मारतात, त्यांनी बियातला डीएनए तुटतो, पेशी तो जोडताना चुकते, तो बदल म्हणजेच म्युटेशन. बी किरणोत्सर्गी होत नाही! स्टॅडलर या शास्त्रज्ञाने १९२८ लाच एक्स-रे मारून बार्लीत म्युटेशन करून दाखवलं, आज म्युटेशनने काढलेले ३,००० च्या वर वाण नोंदलेत. रिओ रेड ग्रेपफ्रूट, गोल्डन प्रॉमिस बार्ली त्यातलेच.

काळीमाती: किरणोत्सर्गी नाही, मान्य. पण बदल कुठे होणार यावर काडीचा ताबा नाही, आणि वर म्हणायचं सेफ?

एमटूवाली: ताबा नाही म्हणूनच तर निवड करतात. मी हे काम केलंय. ईएमएसमध्ये, म्हणजे किरणांसारखंच म्युटेशन करणाऱ्या रसायनात, बी भिजवलं की पहिल्या पिढीत फारसं काही दिसत नाही, बरेचसे बदल दबलेले असतात. दुसऱ्या पिढीत ओळीत मधेच पांढरीफटक रोपं निघतात, हरितद्रव्यच नाही, बियातला साठा संपला की माना टाकतात. हजारोंतून एखादं रोप कामाचं, मग मूळ वाणाशी परत परत संकर करून नको ते बदल काढायचे, यात वर्षं जातात. क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरवून कापायचं नवं तंत्र, तेच नेमक्या जागी करतं, तरी २०१८ मध्ये युरोपच्या कोर्टाने त्याला जीएमचे, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांचे, नियम लावले आणि किरणांना सूट. कसं काय?

काळीमाती: कारण जुन्या पद्धती इतकी वर्षं वापरात आहेत. कोर्टानेही तेच म्हटलंय.

घरचंबी: सेफ्टी राहू द्या, बी कोणाच्या मालकीचं ते बोला! वडील घरचंच बी ठेवायचे. मी एका कंपनीचं आणलं, निम्मं उगवलंच नाही, वर मलाच म्हणे पेरणी खोल केलीत.

रानवारा: याचा म्युटेशनशी काय संबंध? साठवण खराब असेल.

घरचंबी: हंगाम आमचा गेला, साठवणीचं आम्हाला सांगू नका! क्रिस्परच्या पेटंटवरून विद्यापीठंच कोर्टात भांडलीत. उद्या स्वतःच्या शेतातलं बी ठेवायला कोणाची परवानगी मागायची?

एमटूवाली: जरा शांतपणे घ्या. किरणांनी काढलेल्या वाणावरही ब्रीडरचे, म्हणजे वाण काढणाऱ्याचे, हक्क असू शकतात. बी ठेवता येईल का ते कायदा ठरवतो, पद्धत नाही.

घरचंबी: बरं, तेवढं मान्य. मग सरकारी संशोधनाला पैसे द्या हे आधी म्हणा, क्रिस्परचं कौतुक नंतर करा.

काळीमाती: नव्याची तपासणी हवीच, यावरून मी हलणार नाही. जुन्यालाही तीच लावा म्हणत असाल तर माझी ना नाही.