मदत हवी आहे: दुधाची पन्नी, सांबार आणि आईचे भेगाळलेले हात

आम्ही नागपूरला राहतो. २०२० मध्ये विषाणू प्लास्टिकवर ७२ तास टिकतो असं वाचलं आणि दुधाची पन्नी साबणाने धुवायला लागलो. आमचं सुटलं, आईचं नाही. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मुलाला कावीळ निघाली, हिपॅटायटिस ए. तेव्हापासून आई कॉटन मार्केटातला सांबार (कोथिंबीर), पालक भांड्याच्या साबणात बुडवते, किराण्याचं प्रत्येक पाकीट ब्लीचच्या पाण्याने पुसते. कणीक मळताना तिच्या हातातून रक्त येतं. बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, म्हणून ती घाबरते. तिला रागवावंसं वाटत नाही. पाकिटावरून खरंच आजार येतो का? भाजी साबणात धुतलेली चालते का?

उत्तर:
ताई, भाजीचा साबण आजच बंद करा, तो पानांत राहून पोटात जातो. पिण्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, बस. ते ७२ तास प्रयोगशाळेतले आहेत, तिथेही विषाणू तासागणिक घटतच होता. वस्तूला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता सहसा १०,००० त १ पेक्षा कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं. पन्नी कापा, दूध उकळा, हात धुवा.

कावीळ मात्र वेगळी गोष्ट आहे. हा विषाणू विष्ठेतून हात, पाणी आणि कच्च्या अन्नावाटे पसरतो. सॅनिटायझरने तो नीट मरत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. खदखदून उकळलेल्या वरण-भाजीची भीती नाही. भीती कोशिंबीर, चटणी, पाणीपुरीच्या पाण्याची. पाकिटांपेक्षा बिल्डिंगच्या टाकीकडे बघा, तुमचं नि त्या मुलाचं पाणी एकच असेल. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

आणि बाबांच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आजच फोन करा. संपर्कानंतर २ आठवड्यांच्या आत लस किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं तर उपयोग होतो. या काविळीची एक लस जिवंत विषाणूची असते, ती त्यांना चालत नाही, म्हणून लस परस्पर कुठेही टोचून घेऊ नका. आईच्या हाताच्या भेगा भरेपर्यंत कणीक दुसऱ्या कोणी मळा.

धागाकर्ती:
टाकीचं डोक्यातच आलं नव्हतं. शेवटची कधी धुतली ते चौकीदारालाही आठवत नाही, रविवारी धुवून घेतो. डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावलंय. आई विचारते, बाबांच्या पोह्यांवर सांबार टाकू का?

उत्तर:
वरून कच्चा नको. सध्या फोडणीतच टाका.