पाच एकर भारी रान, दीड लाख रुपये आणि पावसाचा नेम नाही: काय करावं?

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अलीकडे. मी पुण्यात नोकरीला, शेती अण्णा (वडील, वय 66) बघतात. पाच एकर, सगळं भारी काळं रान. खरिपाला सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, पाणी असेल तर रब्बीला हरभरा. एक विहीर आहे, फेब्रुवारीनंतर तिचा तळ दिसतो.

पूर्वी दुष्काळ पडला तर दुष्काळच असायचा. आता एकाच हंगामात दोन्ही. गेल्या साली, म्हणजे 2025 ला, आधी पावसाने अशी ओढ दिली की सोयाबीन दुपारी माना टाकायचं. मग सप्टेंबरात इतका झाला की उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले. अण्णांनी चिखलातून कापून जे बांधावर आणून टाकलं त्याचा वास अजून नाकात आहे. बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावायची वेळच आली नाही.

माझ्याकडे दीड लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. डोक्यात चार गोष्टी आहेत: बीबीएफ (रुंद वरंबा सरीचं) यंत्र घेणं, शेततळं, ठिबक, नाहीतर सोयाबीन सोडून दुसरं काही. चुलतभाऊ म्हणतो शेडनेट टाक. अण्णांचा कशालाच होकार नाही. "पाऊस काय तुझ्या दीड लाखाला भितो का" म्हणतात. अनुभव असलेल्यांनी सांगा.

काळी_माती:
पैशाचं नंतर. आधी हे सांगा: ढाळ कुणीकडे आहे? पाणी वरून कुणाच्या रानातून येतं आणि तुमच्यातून कुठे जातं? किती दिवस थांबतं? पेरणी ढाळाला आडवी की उभी? आणि पल्टी नांगर शेवटचा कधी लावला?

तेरणाकाठ:
ढाळ पूर्वेला, ओढ्याकडे. पेरणी लांबीच्या बाजूने, म्हणजे बहुतेक ढाळाच्याच दिशेने, कारण ट्रॅक्टरवाल्याला वळणं कमी पडतात. नांगरट तीन-चार वर्षांत नाही, नुसता रोटाव्हेटर. पाणी कुठून येतं ते मला खरंच माहीत नाही. मी पावसात कधी रानात नसतो.

काळी_माती:
बघा, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी खाली उतरणं जवळजवळ थांबतं. त्यात वर्षानुवर्षं रोटाव्हेटर फिरवला की वरचा अर्धा वीतभर थर पीठ होतो आणि त्याच्याखाली तव्यासारखा कडक थर तयार होतो. तीन-चार दिवस पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, गाठी कुजतात आणि सोयाबीन पिवळं पडतं. आपण म्हणतो रोग आला, आणि दुकानदार हजार-बाराशेची बाटली हातात देतो. खरं तर झाडाचा श्वास कोंडलेला असतो.

गंमत म्हणजे तेच झाड पुढे ओढीत आधी मरतं. पाण्यात मुळं वरच्या वर राहिलेली असतात, खालचा ओलावा त्यांना गाठता येत नाही. तुमचे दोन प्रश्न वाटतात, ते एकच आहेत.

त्यासाठी रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ. इक्रिसॅटने (कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था) हे मुळात काळ्या जमिनीसाठीच बसवलं, आणि परभणीच्या विद्यापीठाने आपल्याकडच्या पेरणीला जुळेल असं यंत्र केलं. चार ओळींचा वरंबा, दोन्ही अंगाला सरी. जादा पाणी सरीतून निघून जातं, कमी पाऊस झाला तर सरीत मुरतं. बियाणंही वाचतं: सपाट पेरणीला एकरी 30 किलो लागतं तिथे 22 किलोत भागतं.

पण यंत्र विकत घेऊ नका. पाच एकराचं काम एका दिवसाचं, उरलेले 364 दिवस ते गोठ्यात गंजणार. भाड्याने आणा. गावात नसेलच तर पेरणी यंत्राचं एक नळकांडं बंद ठेवून दर चार ओळींनंतर जागा सोडा, आणि वीस-पंचवीस दिवसांनी कोळप्याच्या पाशीला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडा. आमचे आजोबा हेच करायचे, तेव्हा त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

एक धोका सांगून ठेवतो. सरीला बाहेर पडायला वाट हवी. वाट नसेल तर तुम्ही पाच एकरात पन्नास लांबट डबकी केलीत एवढंच. आणि सरी सरळ ढाळात सोडलीत तर माती ओढ्यात. आडव्याला किंचित तिरकी.

हिशेबनीस:
मी शेतकरी नाही, पाण्याच्या कामातला निवृत्त माणूस, मूळचा लातूरचाच. आकडे मांडतो.

एका एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. एका रात्रीत 100 मिमी झाला तर तुमच्या पाच एकरावर 20 लाख लिटर पडलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, आठवतं का? पहिली गाडी 5 लाख लिटरची होती. पुढे पन्नास वाघिणींची यायला लागली, ती एका खेपेला 25 लाख लिटर आणायची. म्हणजे सप्टेंबरातल्या एका रात्री जवळजवळ अख्खी गाडी तुमच्या बांधावर येऊन उभी राहिली आणि तुम्ही तिला ओढ्यात सोडून दिलं.

30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतं. पण बांधासकट दहा-बारा गुंठे जागा जाते, अण्णा ती देतील असं वाटत नाही. 15 × 15 × 3 चं बघा: साडेचार लाख लिटरच्या आत-बाहेर. दोन एकराला तुषार सिंचनाने 50 मिमीची एक पाळी बसते. शेंगा भरताना ओढ पडली तर ती एक पाळीच पीक घरात आणते.

बांधावरची:
हिशेबनीसकाका, आकडे बरोबर, पण शेततळ्याचं दुसरं अंगही सांगा. आमच्या भागात कित्येक तळी पावसाने भरतच नाहीत. हिवाळ्यात बोअर लावून भरतात, वर प्लास्टिक, आणि उन्हाळाभर ऊन ते पिऊन टाकतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर काढून वाळत घालायचं, असला प्रकार.

हिशेबनीस:
ताई, हे शंभर टक्के मान्य. म्हणून म्हणतो, अस्तर नको, उन्हाळ्याची आशाही नको. तळं रानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, सरींचं पाणी जिथे येऊन मिळतं तिथे. जून-जुलैत भरायचं, ऑगस्टच्या ओढीत वापरायचं. भारी जमिनीत पाझर कमी असतो, तेवढे दिवस तग धरतं. काठापाशी गाळ बसायला एक छोटा खड्डा करा, नाहीतर तीन वर्षांत तळ्याचं पुन्हा रान होईल.

बांधावरची:
मी निलंगा तालुक्यातली, स्वतः शेती करते. सोयाबीन सोडायचं म्हणताय ना, एकदम सोडू नका, पण सगळी अंडी एकाच डालीखाली नको. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनात आमच्याकडच्या बायका एकत्र आल्या, त्यातूनच पुढे स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. त्यांची एक एकराची पद्धत आहे: बाईच्या ताब्यात एक एकर, त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असं घरी खायचं मिसळून. नगदी पीक पाण्यात गेलं तरी चूल अडत नाही. तुमच्या आईला विचारलंत का? पूर्ण धाग्यात आईचा उल्लेख नाही म्हणून विचारते.

बाकी चार एकरांत वाण एकच घेऊ नका. थोडं लवकर येणारं, एमएयूएस 612 सारखं, थोडं फुले संगम, ते आठ-दहा दिवस मागे राहतं. म्हणजे परतीचा पाऊस आला तरी सगळं रान एकाच अवस्थेत सापडत नाही. तुरीला बीडीएन 711 बघा, लवकर निघते. फक्त तूर खोलगट जागी लावू नका, पाणी साचलं की उभी वाळते.

आणि बियाणं घरचं वापरणार असाल तर गोणपाट ओलं करून 100 दाणे गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. गेल्या साली भिजलेल्यातलं ठेवलं असेल तर हे चुकवू नका. आणि 75 ते 100 मिमी पाऊस होईपर्यंत पेरू नका, शेजाऱ्याची तिफण चालू झाली तरी.

तेरणाकाठ:
ताई, आईचं नाव घेतलंत आणि ओशाळलो. आजच फोन केला. ती म्हणाली, "मला कुणी विचारलं तर विहिरीजवळचं अर्धं रान ज्वारी-मुगाला द्या म्हणून दहा वर्षं सांगतेय." असो. पण 75 मिमी झाला हे घरी कळणार कसं? महसूल मंडळाचं केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, तिथे पडतो तेव्हा इकडे फुफाटा असतो.

काळी_माती:
सरळ बाजूंचा डबा घ्या, तेलाचा रिकामा चालेल, वरचं तोंड पूर्ण कापलेलं. झाडापासून, भिंतीपासून लांब, जमिनीपासून हातभर वर बसवा. सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवा. पट्टीवर जितके मिलिमीटर, तितका पाऊस. वहीत लिहा. अण्णांना हे काम द्या, त्यांना आवडेल.

विमावाला_नाही:
विम्याच्या भरवशावर असाल तर जागे व्हा. एक रुपयातला विमा खरीप 2023 ला सुरू झाला, 2025 ला बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता स्वतः भरायचा, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या मंडळाच्या उत्पादनावर ठरते, तुमच्या एकट्याच्या रानावर नाही. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) वेळेत करा. सरकारी मदतीलाही तीच नोंद बघतात. मंडळात 24 तासांत पाऊस 65 मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. तुमच्या डब्यातलं माप तिथे चालणार नाही, ते पेरणीपुरतंच.

गच्चीवरून_पुणे:
जरा विषयांतर. गावच्या घराचा स्लॅब उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, आईवडील रात्री झोपू शकत नाहीत. त्यावर काही?

काळी_माती:
वेगळा धागा काढा हो. तोवर मार्चमध्ये स्लॅब झाडून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. स्वस्त आहे, फरक पहिल्याच रात्री कळतो. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो.

सीनेकाठचा:
मी लिहू की नको असं चाललं होतं. आमचं रान सीनेच्या काठाला, माढ्याकडे. गेल्या सप्टेंबरात नदी रानातून गेली. पीक गेलं त्याचं एवढं नाही, माती गेली. खाली मुरूम उघडा पडला, काही ठिकाणी कंबरेएवढा खड्डा, शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या आमच्या बाभळीला गुंडाळलेल्या. सरकारने खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि नरेगातून 3 लाखांपर्यंत जाहीर केले. पैशाने गाळ आणून टाकता येतो. पण आजोबांपासून शेणखत टाकून जी काळी केली होती ती माती ट्रॉलीत मिळत नाही.

तुमच्यापुरतं एवढंच: ओढ्याकाठचा दोन-तीन मीटरचा पट्टा मोह न धरता सोडून द्या. गवत, शेवरी, बांबू लावा. आम्ही अगदी काठापर्यंत ऊस नेला होता.

तेरणाकाठ:
दादा, वाचून सुन्न झालो. ओढ्याकाठी आम्हीही शेवटच्या फुटापर्यंत पेरतो. पट्टा सोडायचं पक्कं.

बांधावरची:
पोकराचं कुणी बोललं नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी, जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प, 2018 पासून आहे. गाव यादीत असेल तर शेततळं, तुषार, बीबीएफला अनुदान मिळतं. यादीत नसेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज. कृषी सहायकाला भेटा, फोनवर होत नाही. आणि पैसे मात्र आधी खिशातूनच घालावे लागतात, म्हणून त्या दीड लाखातले थोडे मागे ठेवा.

तेरणाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितोय. वळवाचा मोठा पाऊस येणार असं मेघदूत ॲपवर दिसलं, तसा शुक्रवारी रात्रीच गावी निघालो. शनिवारी दुपारी बदाबदा सुरू झाला, आणि अण्णा नको म्हणत असताना रानात गेलो. विजा थांबेपर्यंत आखाड्यावर (रानातल्या खोपीत) बसलो, मग बाहेर पडलो. पाच मिनिटांनी मागे बघतो तर डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन अण्णा येतायत.

चपलांना दोन-दोन किलो चिखल. पश्चिमेच्या कोपऱ्यात बाभळीपाशी बांध फुटलाय, तिथून वरच्या भावकीच्या रानातलं गढूळ पाणी मांडीएवढ्या जाडीच्या धारेने आत येत होतं. ते आमच्या ढाळाने ओढ्याकडे जायला हवं, तर मध्येच पाऊण एकरात थांबतं. गेल्या साली आधी पिवळा पडला तो नेमका हाच तुकडा. काठी रोवून बघितली, वीतभर पाणी. अण्णा बराच वेळ नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "हितं नाली होती. तुझ्या आजोबांनी काढलेली. दोन तुकडे एक केले तवा आपणच बुजवली, ट्रॅक्टर सरळ फिरावा म्हणून."

तर ठरलं ते असं. जेसीबीने जुनी नाली मोकळी करायची आणि बाभळीपासचं पाणी बांधाच्या कडेने वळवायचं. खालच्या कोपऱ्यात 15 बाय 15 चं तळं, अस्तर नाही. भाड्याच्या बीबीएफने यंदा दोनच एकर, बाकी रानाला दोरीवाल्या सऱ्या. विहिरीजवळचं अर्धा एकर आईचं. ठिबक आणि शेडनेट राहू दे. तेलाचा डबा बसवलाय. अण्णा रोज साडेआठला नाही, सहालाच पट्टी बुडवतात, पण लिहितात.

एक अडलंय. नालीचं शेवटचं तोंड धाकट्या चुलत्यांच्या रानातून ओढ्याला मिळतं. आजोबांच्या वेळी प्रश्न नव्हता, आता बोलणं कमी आहे. चर काढायचा तर तोंडी विचारू की कागद करू?

काळी_माती:
कागद करा, पण कागद घेऊन जाऊ नका. आधी अण्णांना पाठवा, एकटं. तुम्ही पुण्याचे, तुम्ही गेलात की त्यांना वाटेल मोजणी आणतोय. आणि चराची माती त्यांच्या बांधावर टाकून द्यायची, असं आपणहून म्हणा.

तेरणाकाठ:
अण्णा दुपारीच गेलेत. उभ्याउभ्या विचारून येतो म्हणाले होते. दोन तास झाले, अजून आले नाहीत. आई म्हणते चांगली खूण आहे, तिकडे चहा ठेवला असणार.